जॅझचा दर्दी

चि. ओंकार,
अनेक आशीर्वाद.

रेकॉर्डिंगच्या तारखा सांगता आल्या नाहीत म्हणून मित्राने तुला जॅझवाल्यांतून बाद केलं, आणि तू हिरमुसून मला भलामोठा मेसेज धाडलास. अरे, मायल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू' या अल्बमचं रेकॉर्डिंग १९५९च्या मार्च-एप्रिलमध्ये न्यूयॉर्कला झालं, हे कुणीही घोकू शकतं. घोकून कान तयार होत नाही.

असं कर. 'बॉडी अँड सोल' हे १९३०चं गाणं आधी कुणाच्या तरी आवाजात ऐक. बिली हॉलिडेचं चालेल. तीही चाल मर्जीने वळवते म्हणा, पण शब्दांमुळे वाट सापडते. गाण्याचे आठ-आठ बारचे चार तुकडे आहेत; बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट, आणि चारही तुकडे मिळून एक आवर्तन. पहिला, दुसरा, चौथा एका वळणाचे आणि तिसरा वेगळा. हे अंगात मुरलं की कोलमन हॉकिन्सचं १९३९चं रेकॉर्डिंग लाव. तीनेक मिनिटांचा कारभार, सॅक्सोफोनवर दोनच आवर्तनं. मूळ चालीला सुरुवातीला ओझरता हात लावतो आणि निघतो तो निघतोच. खालचा कॉर्डचा, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुडग्यांचा, रस्ता मात्र तोच. तू मनात गाणं म्हणत राहा. आता तिसरा तुकडा लागला, हे आपसूक कळायला लागलं, की समजावं गाडी रुळावर आली. बाबांच्या मांडीवर बसून सम पकडायला शिकलास, तसंच हे.

मग सोलो वाजवणाऱ्याला सोड आणि मागच्यांकडे कान दे. 'काइंड ऑफ ब्लू'मधल्या 'सो व्हॉट'मध्ये मायल्स डेव्हिसचा सोलो सुरू होतो ना, तिथेच ड्रमवाल्या जिमी कॉबची झांज खणकन उमटते आणि तिचा नाद ट्रम्पेटखाली रेंगाळत राहतो. ही जागा कितीदा ऐकली तरी माझ्या तोंडून 'वा' जातेच. मुंबईत रंगभवनला जॅझ यात्रा भरायची, तेव्हा ट्रम्पेटला सगळेच टाळ्या द्यायचे. ड्रमवाल्याने हळूच काही केलं की खुर्चीत सरसावून बसणारे थोडे. दर्दी ते.

महागडे हेडफोन इतक्यात घेऊ नकोस. आधी भाडं भर.

आणि मित्राशी हुज्जत नको. त्याला एवढंच विचार, हॉकिन्सचं दुसरं आवर्तन नेमकं कुठे सुरू होतं. सांगता आलं, तर दिवाळीला त्याला घरी घेऊन ये. आमचं जमेल.

तुझी,
आई