अण्णा, फुगा गोल दिसला

आदरणीय अण्णा,
सा. न.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "चल बे, चहा सांग" म्हणून विषय उडवून लावता. म्हणून हे असं चारचौघांत लिहितोय. तुमची नात तुम्हाला वाचून दाखवेलच. मग उद्या तुमच्या टीव्हीदुरुस्तीच्या दुकानात मला चार शब्द ऐकून घ्यावे लागतील, तेही कबूल.

'द प्रिझनर' या जुन्या ब्रिटिश टीव्ही मालिकेच्या डीव्हीडी संचाचं परीक्षण काल दिवाळी अंकाच्या संपादकांकडे गेलं. खाली नाव माझं आहे, पण त्यातल्या निम्म्या गोष्टी मला दिसल्या त्या तुमच्यामुळे. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून आधी मालिकेबद्दल थोडं सांगतो. तुम्ही हा भाग गाळलात तरी चालेल.

एक ब्रिटिश गुप्तहेर तडकाफडकी राजीनामा देतो. घरी येऊन बॅग भरत असतानाच खोलीत गॅस सोडला जातो आणि शुद्ध येते ती एका देखण्या, रंगीबेरंगी गावात. गावाला नाव नाही, नुसतंच 'द व्हिलेज'. माणसांनाही नावं नाहीत, नंबर आहेत. हा सहा नंबर. गाव चालवतो दोन नंबर, आणि तो जवळपास दर भागात बदलतो. एक नंबर कोण, ते शेवटपर्यंत कुणी सांगत नाही. त्यांना एवढंच हवंय, की राजीनामा का दिलास. हा ते सांगत नाही आणि पळून जायचा नादही सोडत नाही. पळालाच, तर मागे लागतो एक भलामोठा पांढरा फुगा. या पहारेकऱ्यासाठी आधी यांत्रिक गाडी करून पाहिली होती म्हणे. ती काही चालली नाही, म्हणून हवामानखात्याचे असतात तसला फुगा वापरला. तो फुगा इतका भीतिदायक दिसेल असं वाचून वाटत नाही, बघितल्यावर वाटतं.

भाग फक्त १७. ब्रिटनमध्ये सप्टेंबर १९६७ ते फेब्रुवारी १९६८ या काळात दाखवले गेले. पॅट्रिक मॅकगुहान हा नायक, कर्ताकरविताही बराचसा तोच; काही भाग त्याने टोपणनावाने लिहिले आणि दिग्दर्शितही केले. चित्रीकरण झालं उत्तर वेल्समधल्या पोर्टमेरियनला. क्लॉफ विल्यम्स-एलिस या वास्तुरचनाकाराने १९२५ पासून पुढे पन्नास वर्षं हे गाव आपल्या हौसेने उभं केलं. त्याच्या इच्छेमुळे गावाचं नाव शेवटच्या भागाच्या श्रेयनामावलीपर्यंत झाकून ठेवलं होतं. तो शेवटचा भाग बघून प्रेक्षक इतके चिडले, की त्याच्यावरून अजून वाद चालतात.

तर चाळीस वर्षं झाली म्हणून २००७ मध्ये निघालेला हा सात डिस्कचा संच माझ्या आतेभावाने लेस्टरहून जुन्या बाजारातून मिळवून आणला. खोक्याचा एक कोपरा प्रवासात चेपला होता. आतला माल शाबूत होता. आणि नेमकं इथेच माझं घोडं अडलं, कारण घरचा प्लेअर ती डिस्क तोंडात घेईना. डीव्हीडीवाल्यांनी जगाचे नंबर टाकून भाग पाडलेत, त्यांना रीजन म्हणतात, आणि एका रीजनची डिस्क दुसऱ्या रीजनचा प्लेअर घेत नाही. ब्रिटन दोन नंबरच्या रीजनमध्ये, आपण पाच नंबरच्या. लॅपटॉपमध्ये रीजन बदलता येतो, पण ड्राइव्ह तो पाचदाच बदलू देतो, मग कायमचा कुलूपबंद होतो. सहा नंबरची मालिका बघायला बसलो आणि आधी माझ्याच नंबरवरून गेटवर अडवलं गेलो!

कन्ना चौकामागच्या बोळातल्या तुमच्या दुकानात मी आलो तो एखादा गुप्त कोड टाकून माझा प्लेअर खुला करून घ्यायला. तुम्ही खोक्याकडे बघितलंत, डिस्कच्या पाठीवरचा दोनाचा शिक्का बघितलात आणि माळ्यावरून धुळीने माखलेला एक प्लेअर खाली काढलात. "दुबईचा हाय. दुरुस्तीला टाकून गेला तो परत फिरकलाच नाही." आखाती देश आणि विलायत एकाच रीजनमध्ये येतात, हे मला कुठल्या पुस्तकात सापडलं नसतं. सोलापुरातून आखातात गेलेल्या पोरांनी आणलेल्या वस्तू आयुष्यभर उघडून बघितलेल्या माणसालाच ते असं चुटकीसरशी आठवतं. मग तुम्ही ती जुनी गोष्टही सांगितलीत. कुणीतरी विलायतेहून व्हीसीआर आणला, टीव्हीच्या अँटेनाला जोडला, तर चित्र स्वच्छ आणि आवाजाच्या जागी नुसती खरखर. टीव्हीची रंगपद्धत दोन्हीकडे पॅलच, पण चित्र आणि आवाज यांच्यातलं अंतर त्यांच्याकडे ६ मेगाहर्ट्झ, आपल्याकडे साडेपाच. दुकानात तेव्हा दोन गिऱ्हाइकं खोळंबली होती आणि तुम्ही मला कॉइल कशी फिरवली ते हातवारे करून दाखवत होता.

आता फुग्याची गोष्ट. प्लेअर घेऊन तुम्ही स्वतः घरी आलात. मी म्हटलं कशाला त्रास, तर म्हणालात, "टीव्ही बघायचाय तुझा." माझा टीव्ही रुंद, मालिका जुन्या चौकोनी पडद्यासाठी केलेली, चार बाय तीनची. पहिला भाग लागला. मी कथेत शिरलो, तुम्ही मात्र हाताची घडी घालून उभेच. फुगा पाण्यातून वर आला आणि तुम्ही रिमोट मागितलात.

"बॉल गोल नाही बे हा. अंडं झालंय त्याचं."

खरंच झालं होतं. टीव्हीने आपणहून चित्र दोन्ही बाजूंना ताणलं होतं. तुम्ही सेटिंगमध्ये जाऊन चार बाय तीन केलंत, दोन्ही कडांना काळे पट्टे आले. मग गावातल्या लोकांच्या छातीवरच्या बिल्ल्याचं जवळून दृश्य येईपर्यंत डिस्क पुढे पळवलीत. त्या बिल्ल्यावर जुन्या काळची सायकल असते, पुढचं चाक प्रचंड आणि मागचं इवलंसं. पडद्यावर ते चित्र थांबवलंत आणि खिशातली फूटपट्टी काढून चाक आडवं मोजलंत, मग उभं मोजलंत. काचेला पट्टी लावून, एक डोळा मिटून. दोन्ही मापं सारखी आल्यावरच खुर्चीत बसलात. दूरदर्शनच्या टेस्ट पॅटर्नमधलं वर्तुळ असंच पट्टीने मोजून चित्राची उंची आणि सारखेपणा, म्हणजे हाइट आणि लिनिअॅरिटी लावायचो, म्हणालात. मी इतकी वर्षं सिनेमावर लिहितोय. कॅमेरा कुठे ठेवला, प्रकाश कुठून आला, हे सगळं लिहितो. पडद्यावरचं वर्तुळ वर्तुळ आहे का, हे तपासून मग लिहायला बसणारा परीक्षक मी तरी बघितलेला नाही.

दुसऱ्या डिस्कला चित्र मध्येच अडखळायला लागलं, तेव्हाही तुम्ही होता म्हणून बरं. कुणीही म्हणालं असतं, डिस्क खराब आहे, संच जुना आहे. तुम्ही प्लेअर उघडलात, कापसाला स्पिरिट लावून लेन्स पुसलीत, तरी भागेना, मग डिस्क वाचणारा लेझरचा भाग, म्हणजे पिकअपच बदललात. कारणही सांगितलंत. डिस्क दोन थरांची आहे. तिच्यावरून परत येणारा प्रकाश साध्या एकेरी डिस्कपेक्षा कमी असतो, आणि एक थर संपून दुसरा सुरू होताना लेन्सला पुन्हा फोकस धरावा लागतो. लेझर थकला की पहिली रडारड तिथे होते. पिकअप बदलल्यावर तीच डिस्क लोण्यासारखी चालली. परीक्षणात म्हणूनच मी ठणकावून लिहू शकलो, की डिस्क उत्तम आहेत.

पण ज्याच्यामुळे सबंध परीक्षणाचा रोख बदलला, ती गोष्ट रंगांची. मूळ ३५ मिलिमीटर फिल्मवरून नव्याने काढलेलं हे चित्र आहे आणि रंग दृष्ट लागण्यासारखे आहेत. गुलाबी, पिवळ्या, आकाशी भिंती, पट्ट्यापट्ट्यांच्या छत्र्या, रंगीत केप घातलेली मंडळी. मी त्याचं कौतुक करत होतो आणि तुम्ही विचारलंत, "सदुसष्टला रंगीत दिसत होतं काय त्यांना?" संचासोबत अँड्र्यू पिक्सली यांनी लिहिलेलं निर्मितीच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक आहे, तेवढ्यासाठीसुद्धा हा संच घ्यावा, इतकं ते भरगच्च आहे. पण याचं उत्तर मला पुस्तक न उघडता माहीत होतं. फिल्म रंगीत, कारण अमेरिकेतही विकायची होती. ब्रिटनमध्ये ज्या वाहिनीवर ती लागली, तिथे रंगीत प्रक्षेपण सुरू झालं नोव्हेंबर १९६९ मध्ये. म्हणजे तिथल्या पहिल्या प्रेक्षकांनी सगळी मालिका कृष्णधवल बघितली. "मग तसंच बघ की आधी," म्हणून तुम्ही रंगाची पट्टी शून्यावर आणलीत.

आणि काय सांगू, दुसरंच गाव समोर आलं. रंगात ते सुट्टीचं ठिकाण वाटतं, हा माणूस उगाच कटकट करतोय असं क्षणभर वाटून जातं. रंग काढले की छत्र्यांचे पट्टे गजांसारखे दिसायला लागतात. फुगा तर असा पांढराफटक उठून येतो, की तुम्हीसुद्धा खुर्चीत जरा मागे सरकलात. (नाही म्हणू नका.) दोन्ही प्रकारे बघावी आणि पहिल्यांदा कृष्णधवलच बघावी, असं मी परीक्षणात लिहिलंय. हे वाचून काही रसिक माझ्या अंगावर येतील. आपल्याकडे ८२ साली रंग आल्यावरही पाचसहा वर्षं घरोघर कृष्णधवल सेट दुरुस्त करत फिरलेल्या माणसाचा हा सल्ला आहे, एवढंच त्यांना सांगेन.

आवाजाच्या बाबतीत आपलं जमलं नाही, ते नाहीच जमणार. मूळ आवाज मोनो, म्हणजे एकेरी; संचात सभोवतालच्या स्पीकरांवर ऐकायचा नवा ५.१सुद्धा दिलाय. तुम्हाला तो आवडला, मला तो आजोबांना गॉगल घातल्यासारखा वाटतो. मात्र पहिल्या भागाची आधीची कच्ची आवृत्ती त्यात आहे, तिचं संगीत वेगळं आहे, विल्फ्रेड जोसेफ्स यांचं. ते ऐकून मग रॉन ग्रेनरची कायम झालेली धून लावली, तेव्हा तुम्ही लगेच म्हणालात, "ही चाल पाठलाग करती. आधीची नुसती येरझाऱ्या घालत होती." हे वाक्य मी जसंच्या तसं घेतलंय, तुमच्या नावावर.

आणखी एक वाक्य तुमच्या नावावर घेतलंय. चौथ्या की पाचव्या भागाला मी सांगत होतो, की नंबर देऊन माणूस पुसून टाकायचा, हा मालिकेचा गाभा. तुम्ही म्हणालात, "त्यात काय. आमचा बाप जुन्या मिलमध्ये होता. गेटवर बिल्ला दाखवायचा, मुकादम नंबरनंच हाक मारायचा." मी वहीत ते टिपून घेत होतो, तेवढ्यात पुढे म्हणालात, "पण घरी आला की बिल्ला खुंटीला. मग भजनात मृदंग वाजवायचा, तेव्हा कोण नंबर विचारतोय. ह्या गावात खुंटीच नाही बे." या मालिकेवर मी बरंच काही वाचलंय, शीतयुद्ध, व्यक्तिस्वातंत्र्य, फ्रॉइड, काय काय. खुंटीबद्दल कुणी लिहिलेलं नाही. खरी मेख तिथेच आहे. त्या गावात काम आणि घर वेगळं नाही, घराची दारंसुद्धा आपोआप उघडतात. बिल्ला काढून ठेवायला जागाच नाही, म्हणून तो बिचारा पहिल्या दिवसापासून बिल्ला लावूनच घेत नाही.

क्रमाचा वाद तेवढा राहिला. भाग ज्या क्रमाने दाखवले त्याच क्रमाने बघावेत की चाहत्यांनी जुळवलेल्या निरनिराळ्या क्रमांपैकी एखाद्याने, यावर एकमत नाही. पहिला भाग आणि शेवटचे दोन तेवढे सगळ्यांना मान्य. त्या शेवटच्या दोनांतला आधीचा भाग खरं तर खूप आधी चित्रित करून ठेवून दिला होता. मधल्या काळात त्यात दोन नंबर झालेल्या लिओ मॅकर्नची दाढी गेली, म्हणून पुढच्या भागात त्याची दाढी काढतानाचा प्रसंगच घालावा लागला. एका भागात तर मॅकगुहान हॉलिवूडच्या सिनेमासाठी अमेरिकेत होता, म्हणून नायकाचं मन दुसऱ्याच माणसाच्या शरीरात घालून वेळ मारून नेली. तुमचं म्हणणं, तो भाग गाळावा. माझं म्हणणं, १७ पैकी एक गाळला तर परीक्षण कसलं. यावर चहाच्या टपरीवर भांडू.

प्लेअर अजून माझ्याकडेच आहे. तो दुबईवाला गिऱ्हाईक कधी उगवलाच तर सांगा, पिकअपसकट परत देतो. तुमचे शेवटचे दोन भाग बघायचे राहिलेत. रविवारी दुपारी दुकान बंद केलंत की या, काकूंना घेऊन या. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आहेच, आईने तेवढ्यासाठी शेंगदाणे आणून ठेवलेत. अंक आला की पहिली प्रत दुकानात पोचवतो. आणि पिकअपचे पैसे या वेळी घ्यायचे, काकूंच्या हातात देणार आहे.

तुमचा,
फूटपट्टी उसनी ठेवून घेतलेला