तुझ्या गेममधलं पाणी थांबतं

इचलकरंजी,
रविवार, रात्री

चि. माऊ,
अनेक आशीर्वाद.

तू बनवलेला गेम काल रात्री खेळून संपवला. फोनवर तू विचारलंस तेव्हा मी नुसतं "छान आहे" म्हणालो आणि तुझा आवाज लगेच उतरला. बाबा "छान आहे" म्हणून थांबले की काहीतरी खटकलंय, हे तू शाळेतल्या चित्रांपासून ओळखतेस. खटकलंय हे खरं. पण जे आवडलंय तेही फोनवर सांगण्याजोगं नव्हतं. काउंटरवर गिऱ्हाईक जळकी मोटार घेऊन उभं होतं. म्हणून आज सवडीनं लिहायला बसलोय.

मला नऊ रात्री लागल्या. आठला शटर ओढायचं, जेवण, आजीच्या गोळ्या, मग साडेनऊ ते सव्वादहा एवढा वेळ माझा. चौथ्या रात्री लाईट गेली. तुझा गेम प्रकरण संपल्याशिवाय सेव्ह होत नाही, त्यामुळे पस्तीस मिनिटं गेली आणि दुसऱ्या दिवशी तीच पस्तीस मिनिटं परत खेळलो. एवढं एक आधी दुरुस्त कर. दिवसभर राबून आलेल्या माणसाला कुठल्याही क्षणी उठता आलं पाहिजे, आणि उठला तिथंच परत बसता आलं पाहिजे.

आता जात्याचं सांगतो. धरणात जाणारं गाव, आजीचं रिकामं होत चाललेलं घर आणि पहिल्याच प्रकरणात ते दळण. माउस गोल फिरवायचा, मधेच एक बटण दाबून वैरण, म्हणजे मूठभर धान्य, जात्यात घालायची. भरभर फिरवलं तर पीठ जाडंभरडं पडतं, हळू फिरवलं तर ओवीची लय तुटते. पहिल्या दोन वेळा मला जमलं नाही. तिसऱ्या वेळी ओवी अखंड झाली आणि पीठ बारीक पडायला लागलं, तेव्हा मी खुर्चीत सरळ होऊन बसलो. मग शेवटी ट्रक येतो. ट्रकात सहा वस्तूंची जागा, आणि एकट्या जात्यानं चार जागा अडतात. मी जातं ठेवून आलो. ट्रक निघाला, मागून तीच ओवी ऐकू आली आणि माझा हात माउसवर आपोआप गोल फिरला. तू कुठे लिहिलं नाहीस की गेममधल्या मुलीला वाईट वाटलं. लिहायची गरजच ठेवली नाहीस. हातानं जे केलं होतं ते हातालाच आठवलं. हे पुस्तकात होत नाही, पडद्यावरच्या सिनेमातही होत नाही. यासाठीच गेम करायचा असतो, असं मला वाटतं, आणि ते तुला एकविसाव्या वर्षी जमलंय.

विचर ३ मधला ब्लडी बॅरन आठवतो? २०२० च्या लॉकडाउनमध्ये दुकान बंद होतं, तू दहावी संपवून घरात बसलेली, आणि आपण दोघांनी मिळून तो गेम सात महिने पुरवला होता. तू चालवायचीस, मी संवाद वाचायचो. तो दारुडा बॅरन, त्याच्या मारहाणीत बायकोचं पोटातलं बाळ गेलेलं, नाव न ठेवता, नीट मूठमाती न देता पुरलेलं. ते बाळ आता भूत होऊन उठलंय आणि बापानं त्याला उचलून उंबऱ्यापर्यंत न्यायचंय. वाटेत प्रेतात्मे अंगावर येतात. आपण चालवतो त्या गेराल्टनं त्यांच्याशी लढायचं आणि मधेमधे अ‍ॅक्सी नावाच्या जादूच्या चिन्हानं त्या बाळाला शांतही करायचं, नाहीतर ते बापाच्याच हातात बिथरतं. तू तलवार सोडून सारखी बाळाकडेच वळत होतीस. शेवटी बॅरन त्याचं नाव ठेवतो, त्याला आपली मुलगी म्हणतो आणि उंबऱ्यापाशी पुरतो. त्या रात्री आपण दोघंही न बोलता झोपायला गेलो. खेळायला दिलेलं काम आणि सांगायची गोष्ट यांत तिथं कुठे सांधा दिसत नव्हता.

पण त्याच गेममध्ये स्केलिगे बेटांच्या समुद्रात तस्करांच्या पेट्या तरंगत होत्या. नकाशाभर प्रश्नचिन्हं, होडी घेऊन एकेकापाशी जायचं, पेटी फोडायची, पुढं जायचं. तिकडे गेराल्टच्या मानलेल्या मुलीच्या, सिरीच्या मागे मरण लागलंय, तिला शोधायची घाई आहे असं प्रत्येक जण सांगतोय, आणि आपण पेट्या वेचतोय. तेव्हा सोळाव्या वर्षी तू मला विचारलं होतंस, "बाबा, सिरी तोपर्यंत थांबेल का हो?" हा तुझाच प्रश्न मी आज तुला परत विचारतो.

तुझ्या पाचव्या प्रकरणात पाणी वेशीपर्यंत आलंय. सरपंच ओरडून सांगतो, उद्या सकाळपर्यंत गाव सोडा. आणि मग तू मला चाळीस कंदील गोळा करायला पाठवतेस. चाळीस! प्रत्येक कंदिलाला दोन-तीन मिनिटांची चाल, वर मोकाट कुत्र्यांशी काठीची झटापट. माझ्या तीन रात्री कंदिलांत गेल्या. त्या तीन रात्रींत पाणी वेशीपाशी जसंच्या तसं उभं. एकदा मी मुद्दाम चहा करायला उठलो, दहा मिनिटांनी येऊन पाहिलं, पायरीला लागलेलं पाणी त्याच पायरीला. धरणाचं पाणी कुणासाठी थांबत नाही गं. तुझ्या आजीचं माहेर गेलं तेव्हा चुलीतली राख काढायला वेळ मिळाला नव्हता, हे तूच तिच्याकडून ऐकून गेममध्ये घातलंयस.

आणखी एक झालं. पहिले पाच-सहा कंदील शोधताना मी घरं बघत होतो. भिंतीवरची हळदीकुंकवाची बोटं, दारामागं खडूनं लिहिलेला दुधाचा हिशेब, किती जीव ओतलायस त्यांत! सतरावा कंदील आला तेव्हा घरं दिसायची बंद झाली. मी फक्त कोपऱ्यातल्या नकाशावरच्या ठिपक्याकडे बघत चालत होतो. तुझं गाव बुडायच्या आधीच माझ्यापुरतं बुडालं होतं.

तू असं का केलंस हे मला समजतं, म्हणून रागावत नाही. सुट्टीत आली होतीस तेव्हा सांगितलं होतंस, की स्टीम या ऑनलाइन दुकानातून गेम घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत मिळतात. दोन तासांत संपणारा गेम कुणी पुरा खेळून परत करू शकतो. २०२१ मध्ये परदेशातल्या एका छोट्या निर्मात्यानं याच कारणानं गेम करणं थांबवत असल्याचं जाहीर केलं होतं, तेही तूच दाखवलंस. ती भीती खोटी नाही. त्यात तुझे सर म्हणाले, गेमप्ले, म्हणजे हातानं खेळायचा भाग, कमी पडतोय. मित्र म्हणाले, निदान सहा तास तरी हवेत. मग कंदील आले, कुत्री आली. लोक गेम घेताना तासाला किती रुपये पडले ते बघतात. मीही एकेकाळी तसंच बघायचो.

पण माझ्या धंद्यातलं एक सांगतो. लूमची, म्हणजे यंत्रमागाची, मोटार जळून येते तेव्हा जुनी तार उपसताना मी प्रत्येक कॉइलचे वेढे मोजतो. लहान असताना तुला मोजायला बसवायचो, आठवत असेल. वेढे कमी पडले तर मोटार जास्त करंट खेचते आणि तापून परत जळते. जास्त झाले तर जोर कमी पडतो, लूम ओढत नाही, आणि स्लॉटमध्ये तारही मावत नाही. गिऱ्हाइकाला वाटतं, जास्त तांबं घातलं म्हणजे काम भक्कम झालं. जास्त तांब्याची मोटार मी आजवर बाहेर जाऊ दिलेली नाही. तुझ्या गोष्टीचे वेढे दीड-दोन तासांचे आहेत. त्यावर चार तासांची तार चढवलीस, आणि पहिल्या प्रकरणात जो जोर होता तो पाचव्यात राहिला नाही.

लांब गेम वाईट असं मी म्हणत नाही. विचरचे ते सात महिने वाया गेले असं मला कधीच वाटलं नाही. रेड डेड या गेममध्ये नायक आर्थर हरणाचं कातडं काढतो, ते घोड्यावर टाकतो, सगळं किती सावकाश. तुझा दादा कंटाळून उठून गेला होता. मला मात्र तो सावकाशपणा पटला, कारण पुढं त्या माणसाला क्षय होतो आणि उरलेला प्रत्येक दिवस त्याला मोजावा लागतो. आधी मोकळेपणानं उधळलेला वेळ असल्याशिवाय ते मोजणं जाणवलं नसतं. तास किती, यापेक्षा त्या तासांना गोष्टीत काही काम आहे का, हे मी बघतो.

हेडीस हा गेमच बघ. त्यातला झॅग्रियस आईला शोधायला पाताळातून पळायचा प्रयत्न करतो, मरतो, घरी परत. पुन्हा तेच दरवाजे, तेच शत्रू. आईबरोबरची गोष्ट पुरती उलगडायला दहा वेळा निसटून तिच्यापर्यंत पोचावं लागतं. कागदावर हे तुझ्या चाळीस कंदिलांपेक्षा वाईट दिसतं. पण दर वेळी मरून घरी आलं की कुणीतरी काहीतरी नवीन बोलतं, आणि एक फेरी साधारण अर्ध्या तासात आटपते. माझ्यासारख्याला रात्रीची एक फेरी बरोबर पुरते. आऊटर वाइल्ड्स या गेममध्ये तर दर बावीस मिनिटांनी सूर्य फुटतो आणि सगळं पहिल्यापासून. पुढच्या फेरीत बरोबर नेता येतं ते फक्त आपल्याला कळलेलं. तलवार वाढत नाही, ताकद वाढत नाही. तिथं सूर्य कुणासाठी थांबत नाही, म्हणून प्रत्येक मिनिटाला धार आहे.

वेळ दुसऱ्या तऱ्हेनं कसा बांधून घेतात तेही तू अनुभवलंयस. बारावीला तू मोबाइलवर खेळायचीस त्यात दर आठ मिनिटांनी शक्तीचा एक कण भरायचा, एकशे साठ झाले की भरणं बंद. मी तेव्हा वहीत हिशेब मांडला होता: एकवीस तास वीस मिनिटं. म्हणजे दिवसातून एकदा यायलाच हवं, नाहीतर पुढचं वाया. मामाच्या लग्नात पंगत बसली असताना तू हात धुवायच्या निमित्तानं जाऊन ते उघडलं होतंस. मी बोललो नाही, पण मला वाईट वाटलं होतं. तुला खेळायची इच्छा होती म्हणून नव्हे. त्या क्षणी तुला इच्छाही नव्हती, नुसती धास्ती होती. तुझा गेम कुणाला असं बांधून ठेवणार नाही हे मला माहीत आहे. पण कंदील त्याच रस्त्याची पहिली पायरी आहेत.

छोट्या गेमला जागा नाही असं मनात आणू नकोस. जर्नी हा गेम दोन तासांच्या आसपासचा, एक शब्द बोललेला नाही, २०१२ पासून लोक अजून त्याबद्दल बोलतात. आणि तुझ्या डोळ्यांसमोर पुण्यातलं राजी आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीनं २०२० मध्ये आणलं. राक्षसांनी पळवलेल्या धाकट्या भावाला, गोलूला शोधणारी बहीण, छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट, भिंतीवरच्या चित्रांपाशी थांबलं की पुराणकथा उलगडणारी. पाच-सहा तासांत मी संपवला आणि वाटलं, अजून हवं होतं. गेम संपवून उठताना हे वाटणं मला फार मोलाचं वाटतं. आमच्या वेळी मारिओच्या आठ जगांत चार-चार लेव्हल होत्या, सेव्ह नव्हतं, गोष्ट तर एका ओळीची, राजकुमारी दुसऱ्या वाड्यात आहे म्हणे. पण प्रत्येक उडी आमची होती. चुलतभाऊ आणि मी उन्हाळाभर ती एकच कॅसेट फुंकून फुंकून लावायचो.

तर माझं म्हणणं एवढंच की कुत्री काढून टाक. कंदील पाचच ठेव, आणि प्रत्येक कंदिलापाशी कुणीतरी मागं राहिलेलं असू दे: न निघणारा म्हातारा, दावं न सुटलेली गाय, असं काही. आणि पाण्याला सोड. खेळणारा चालेल तसं ते चढू दे, एकेक पायरी, एकेक ओटा. पाचही कंदील कुणालाच मिळू नयेत. कुणाच्या दारी जायचं ते मला ठरवू दे आणि कुणाच्या दारी पोचलो नाही ते घेऊन ट्रकात बसू दे. मग ट्रकातल्या सहा जागांचा अर्थ किती वाढेल बघ. गेम दीड तासाचा होईल, पैसे परत मागणारे मागतील. किंमत कमी ठेव. कॉम्प्युटरचं कर्ज मी अजून वर्षभर फेडू शकतो, त्याची काळजी करू नकोस.

एक सांगायचं राहिलं. पहिल्या रात्री मी दळण दळायला लागलो आणि आतून आजी आली. ओवीतला आवाज तिचाच, तू गेल्या दिवाळीत मोबाइलवर भरून घेतलेला. ती माझ्याशेजारी खुर्ची ओढून बसली. मग रोज बसायची, वैरण कमी पडली की मला टोकायची. कंदील सुरू झाले त्या रात्री थोडा वेळ बसली आणि उठून झोपायला गेली, पुढं आली नाही. पण सकाळी चहा देताना रोज एकच विचारते, "पाणी कुठवर आलं रे?"

मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. नवीन पाठवशील तेव्हा तिला हाक मारतो.

तुझा,
बाबा