शेवटचे दहा किलोमीटर मिळून बघू

घेंट, बेल्जियम
१४ जून

तीर्थरूप बाबा आणि आई यांस,
साष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. जेवण, खोली, ऑफिस यांचं सगळं फोनवर सांगून झालंय, ते पुन्हा लिहीत नाही. आईची काळजी मात्र आधी मिटवतो. आई, मी सायकलींची शर्यत फक्त बघतो. कामावर सायकलने जातो ते सायकलींसाठी आखलेल्या वेगळ्या वाटेने, आणि अंधार पडला की पुढचा-मागचा दिवा लावून. मोबाइलवर तू जे पडताना पाहिलेस ते साठ-सत्तरच्या वेगाने चाकाला चाक भिडवून जाणारे होते.

बाबा, 'सहा तास सायकली बघण्यात काय आहे, चार तास पुढे असलेला शेवटी हरतोच, आणि समालोचक मध्येच किल्ल्यांबद्दल बोलतात' असं तुम्ही लिहिलंत. ते जरा लागलं, म्हणून नीट लिहितो.

इथली एक रीत आधी सांगतो. शर्यत अगदी दारावरून जाणार असली तरी माणसं कोपऱ्यावरच्या कॅफेत टीव्हीपुढे बसतात. हेलिकॉप्टरचा आवाज जवळ आला की सगळी बाहेर धावतात. घोळका अर्ध्या मिनिटात निघून जातो आणि माणसं परत आत येऊन बसतात. नवख्याला हे विचित्र वाटतं. पण कोण पुढे आहे एवढंच रस्त्यावरून दिसतं. किती पुढे, आणि ते पुरेल का, हे पडद्यावर कळतं. एप्रिलातल्या 'टूर ऑफ फ्लँडर्स'चा शेवटचा चढ पाटरबर्ग. ४०० मीटरही लांब नाही, पण दगडी फरशीचा आणि सगळ्यात उभा भाग २० टक्क्यांचा. माथ्यापासून औदेनार्दच्या अंतिम रेषेपर्यंत साधारण १३ किलोमीटर राहतात. माथ्यावर कोण पहिला आला ते तिथल्या हजारो लोकांना दिसतं. तो टिकला की नाही, हे त्यांनाही टीव्हीच सांगतो.

म्हणून पडद्यावरचे दोनच आकडे धरा: उरलेले किलोमीटर आणि पुढे पळालेले व मागचा घोळका यांच्यातलं अंतर, म्हणजे मिनिटं-सेकंद. रोबेर शापात नावाचे फ्रेंच समालोचक होते, आधी स्वतः शर्यती धावलेले. त्यांचा ठोकताळा आजही चालतो: घोळका दहा किलोमीटरांत एक मिनिट भरून काढतो. गणित करून बघा. घोळक्यातून सुटून पुढे गेलेले चौघे ४५ च्या वेगाने जात असतील तर एक मिनिट म्हणजे ७५० मीटर. त्यांना दहा किलोमीटरला ८०० सेकंद लागतात. तेवढ्यात १०.७५ किलोमीटर कापायला घोळक्याला साडेअठ्ठेचाळीसचाही वेग लागत नाही. पुढच्या चौघांना वारा चौघांतच वाटून घ्यावा लागतो. मागे दीडशे जण असतात, आणि दुसऱ्याच्या आडोशाने जाणाऱ्याचे तीस-चाळीस टक्के श्रम वाचतात. त्यातून शेवटच्या दोन किलोमीटरांत ते चौघे एकमेकांकडे बघू लागतात, कारण जो पुढे राहून ओढेल तो बाकीच्यांना आयता आडोसा देईल. तिथेच ते बुडतात. घोळका त्यांना लवकर पकडत नाही तेही मुद्दामच. तीस किलोमीटर आधी पकडलं तर दुसरे चौघे पळतील.

आता किल्ले. समालोचक बहुधा अंतिम रेषेजवळच्या केबिनमध्ये बसून आपल्यासारखाच पडदा बघत असतात. बाळ ज. पंडितांचं क्रिकेट तुम्ही रेडिओवर ऐकलंत. पंडितांसमोर मैदान असायचं, यांच्यासमोर तेही नाही. दोघांपैकी एक काय घडतंय ते सांगतो, दुसरा बहुधा जुना खेळाडू असतो आणि का घडतंय ते सांगतो. सपाट रस्त्यावर तीन तास काही घडत नाही, तेव्हा पहिला किल्ले आणि चर्च सांगतो. त्या वेळात तुम्ही जेवून घ्या. दुसऱ्याचा आवाज वाढला की बसा. हेल्मेट-चष्म्यात चेहरे ओळखू येत नाहीत, तर पाठीवरचा नंबर बघा. शेवटी १ असेल, ११, २१, ३१, तर तो बहुधा त्या संघाचा नायक.

वाऱ्याचंही सांगून ठेवतो. पावसाळ्यात झुआरीच्या पुलावर स्कूटरला बाजूने रेटा बसतो ना, तसा वारा लागला की आडोसा तिरका मिळतो. मग तिरकी रांग लागते, आणि रस्त्याच्या रुंदीत मावतील तेवढेच तिच्यात. बाकीचे कडेला एकामागे एक उघडे पडतात आणि घोळका तुटतो. समालोचक झेंडे आणि झाडं का दाखवतात, ते यासाठी.

टूर दि फ्रान्ससारख्या अनेक दिवसांच्या शर्यतीत रोज एक टप्पा असतो, आणि शेवटच्या तीन किलोमीटरांत दोन शर्यती एकदम चालतात: एक त्या दिवसाच्या टप्प्याची, दुसरी सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेची. सपाट टप्प्यात तीनच्या खुणेनंतर कोणी पडलं किंवा पंक्चर झालं तर तो ज्या गटात होता त्या गटाचाच वेळ त्याला मिळतो. (काही टप्प्यांत ही खूण पाचपर्यंत मागे नेतात. डोंगरमाथ्यावरच्या शेवटाला ही सवलत नाही.) म्हणून पिवळ्या जर्सीसाठी, म्हणजे एकूण वेळेत पहिलं येण्यासाठी लढणारे खुणेपर्यंत पुढे राहायला झगडतात, मग बाजूला होतात. उरतात स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या काही मीटरांत सुसाट सुटणारे, आणि त्यांना ओढणारे. साठच्या वेगाने वारा फोडत एक माणूस जेमतेम अर्धा मिनिट टिकतो, म्हणजे ५०० मीटर. तीन किलोमीटरला सहा माणसं लागतील, आणि संघच आठांचा. म्हणून शहाणा संघ दीड किलोमीटरपर्यंत दुसऱ्यांच्या मागे लपतो. घाईने पुढे आलेल्या संघाची माणसं लाल कमानीपाशी, एक किलोमीटर राहिलेला असतानाच संपतात. शेवटचा ओढणारा स्प्रिंटरला १५० ते २०० मीटरांवर सोडतो, पुढे फक्त आठ ते अकरा सेकंद. समोरून वारा असेल तर उशिरा सुटायचं, मागून असेल तर लवकर. कठड्याच्या बाजूला अडकलं तर पायांत कितीही जोर असून उपयोग नाही.

टूर दि फ्रान्सचा पॅरिसचा शेवटचा टप्पा वेगळा. तिथे पिवळ्या जर्सीवर हल्ला न करण्याची प्रथा आहे, सुरुवातीला शॅम्पेनसुद्धा घेतात. पण १९८९ मध्ये शेवटी एकेकट्याची घड्याळाविरुद्धची शर्यत होती, २४.५ किलोमीटरची. ५० सेकंदांनी मागे असलेल्या ग्रेग लेमाँडने पिवळ्या जर्सीतल्या फिन्योंला एकूण वेळेत ८ सेकंदांनी हरवलं. २०२५ मध्ये मोंमार्त्रचा चढ घातला. पाऊस होता म्हणून एकूण वेळा आधीच धरल्या, तरी पिवळ्या जर्सीतला पोगाचार टप्प्यासाठी लढला, आणि शेवटच्या फेरीत चढावर त्याला मागे टाकून आमच्या इथला वाऊट व्हान आर्ट एकटा पुढे गेला.

आता घरचं. कौलांसाठी ६०,००० काल पाठवले, सोमवारपर्यंत जमा होतील. पाऊस धरण्याआधी पाठवायला हवे होते, ठेवीची मुदत संपेपर्यंत थांबलो, ही माझी चूक. ताईच्या हॉलचे आगाऊ पैसे मीच देणार, बाबांनी कर्ज काढायचं नाही. मावशीने सुचवलेल्या स्थळाशी मी बोलेन, पण अजून दोन वर्षं इथेच आहे हे त्यांना आधी सांगा, लपवून होकार नको. चतुर्थीला यंदाही जमत नाही. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधायला बाबांनी शिडीवर चढू नये, शेजारच्या मुलांना बोलवा. आई, रागावू नकोस.

जुलैत सपाट टप्पा असेल त्या दिवशी आधी कळवतो. इथे साडेपाच म्हणजे तुमच्याकडे नऊ, तुमची जेवणं झालेली असतात. दहा किलोमीटर राहिले की फोन लावतो. बोललं नाही तरी चालेल, टीव्हीपाशी उघडा ठेवा.

तुमचाच,
धाकटा