तेलवाहू नव्हे, ताफ्याचा आधार

विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान शिपयार्डने नौदलासाठी बांधायला घेतलेल्या पाच ताफा-सहाय्यक जहाजांवरील (भर समुद्रात युद्धनौकांना तेल व इतर सामान पुरवणाऱ्या जहाजांवरील) आपला लेख वाचला. ४४ हजार टनांच्या या जहाजांना साधे तेलवाहू समजून खर्चावर घेतलेला आक्षेप पटला नाही.

चालत्या युद्धनौकेला तेल देताना दोन्ही जहाजे १२ ते १६ नॉट (ताशी सुमारे २२ ते ३० किलोमीटर) वेगाने, जेमतेम ५० मीटर अंतर राखून शेजारीशेजारी धावतात. आधी बंदुकीने बारीक दोरी पलीकडे टाकतात, तिच्यामागून जाड दोर, मग पोलादी तार आणि तारेवरून रबरी नळी. अंतर कळावे म्हणून झेंड्या लावलेली वेगळी दोरी ताणून धरलेली असते. खरा धोका मधल्या पाण्याचा. दोन जहाजांमधल्या चिंचोळ्या जागेत प्रवाहाचा वेग वाढतो, दाब घटतो आणि जहाजे एकमेकांकडे ओढली जातात. सुकाणूवरचा माणूस क्षणभर चुकला तरी टक्कर होऊ शकते. म्हणून नळी तातडीने सोडवून दूर होण्याचा सराव सतत करावा लागतो. लाटांनुसार तारेचा ताण राखणारी यंत्रणा नसेल तर तार तुटते, आणि तुटलेली तार माणसाचा जीव घेते. साध्या तेलवाहू जहाजावर ही सामग्री नसते.

आज नौदलाकडे दीपक, शक्ती, ज्योती आणि आदित्य ही चारच मोठी पुरवठा जहाजे आहेत. ताफे दोन, पश्चिम आणि पूर्व. एक जहाज दुरुस्तीला गोदीत गेले की एका किनाऱ्यावर एकच उरते. ज्योती तर १९९६ पासून सेवेत आहे. ही पाच जहाजे वेळेत मिळालीच पाहिजेत.

— एक वाचक, मुंबई