गांधीबागेतल्या कापडवाल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव, दुकानाचं नाव, गल्ली, यातलं काहीच इथे लिहीत नाही. "लिहायचं तर कापडाबद्दल लिहा जी, माझ्याबद्दल काय लिहिता," असं तुम्ही म्हणालात, तेवढं ऐकते. आभार मात्र चारचौघांत मानणार आहे. ज्यांनी मला धुडकावून लावलं, त्यांनीही ते चारचौघांतच केलं होतं.

नागपुरात मानेवाड्याला आमच्या घराची पुढची खोली आहे, दहा बाय बारा. तिथे मी फोटो काढते. लग्नाच्या बायोडाटाचे, तान्ह्या बाळांचे, बोरन्हाणाचे, घरून साड्या विकणाऱ्या ओळखीच्या बायकांच्या मालाचे. निम्मं काम घरी, निम्मं लोकांकडे जाऊन, आणि सगळं सामान ॲक्टिव्हावर. म्हणून पडदा असा हवा होता, की या खोलीत मावेल, गाडीवर जाईल आणि फोटोत माणसाच्या मागे गुमान उभा राहील. मागणी एवढीच होती.

एका मोठ्या दुकानात मी हे सगळं सांगितलं. काउंटरवरच्या माणसानं ऐकून घेतलं नाही. "सगळे हेच घेतात," म्हणत त्यानं दहा फुटी स्टँड आणि पांढरा, काळा, हिरवा असे तीन पडदे असलेला सेट पुढे सरकवला. खोली केवढी आहे, हा प्रश्न एकदाही नाही. भाऊ सोबत होता, तर किंमत, वॉरंटी सगळं भावाला सांगणं चाललं होतं. घरी येऊन उघडलं तर पडदा इतका विरळ, की मागच्या खिडकीचे गज फोटोत मोजता येत होते. स्टँडचे पाय पसरले की दार उघडेना. परत न्यायला गेलो तर, "पाकीट फोडलं, आता नाही." दुसरीकडे, या धंद्यात केस पांढरे झालेल्या एका गृहस्थांना मी मोठ्या आशेनं विचारायला गेले होते. त्यांनी चार लोकांसमोर सांगितलं, "घरगुती कामाला चादर चालते."

ते वाक्य अजून बोचतं. चादर वाईट असते म्हणून नाही. माझ्याकडे येणारी मुलगी तिच्या आयुष्यातला एक महत्त्वाचा फोटो माझ्या हातात देते. तिला मी 'घरगुती' कसं म्हणू?

तर अशा मनःस्थितीत मी तुमच्या दुकानात आले होते. खरं तर अस्तराच्या कापडाची चौकशी करायला. बोलता बोलता पडद्याचं निघालं. तुमच्या काउंटरवर तीन राखाडी कापडं पडली होती, मला तिन्ही सारखीच दिसत होती. मी त्यातल्या एकावर हात ठेवला, तर तुम्ही विचारलंत, "ताई, फोटो तुम्ही या ट्यूबमध्ये काढणार का?"

मी म्हटलं, नाही, माझा स्वतःचा लाईट आहे. बॅगेत आहे आत्ता.

"मंग या उजेडात पाहून काय फायदा जी?" आणि तुम्ही पोराला हाक मारलीत, "ए, ट्यूबा बंद कर बे. शटर अर्धं ओढ."

काका, दुकानात गिऱ्हाईक होतं. अस्तर घ्यायला आलेल्या दोन बाया उभ्या होत्या, एक जण मापाच्या पट्टीपाशी होता. भर दुपारी, गांधीबागेत, चालू दुकानाचे दिवे तुम्ही बंद केलेत. त्या बायांना म्हणालात, "दोन मिनिटं थांबा जी, ताईंचं काम उजेडाचं आहे." त्याही थांबल्या. कुणी कुरकुरलं नाही. एक तर पुढे येऊन म्हणाली, आम्हालाही पाहू द्या.

मग मी माझा बॅटरीवरचा छोटा एलईडी लावला. ट्यूबखाली जुळ्या बहिणींसारखी वाटणारी ती कापडं क्षणात वेगळी झाली. एक जांभळट गेलं, एक हिरवट. तिसरं तेवढं खरं राखाडी राहिलं. रंगवताना वापरलेली द्रव्यं निराळी असली की एका उजेडात जुळणारे रंग दुसऱ्या उजेडात फुटतात, हे मी वाचलेलं होतं. वाचणं वेगळं आणि आपल्या हातातल्या लाईटखाली पाहणं वेगळं. ते जांभळट कापड मी घेऊन गेले असते, तर प्रत्येक फोटोत रंग दुरुस्त करत बसले असते.

तुम्ही तेवढ्यावर थांबला नाहीत. पोराला शिडीच्या घोड्यावर चढवून तो तिसरा तागा वरून सोडायला लावलात आणि मला म्हणालात, आता मागे मागे जा. मी कॅमेऱ्याचं सेटिंग न बदलता, लाईट घेऊन मागे सरकत फोटो काढत गेले. जवळून तेच कापड जवळपास पांढरं आलं. तीन पावलं मागे गेल्यावर पाटीच्या रंगाचं. दुकानाच्या पार टोकाला गेले तेव्हा काळ्याच्या उंबरठ्यावर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौपट कमी होतो, हा नियम प्रकाशाचा आहे, दुकानदारीचा नाही. पण एका चांगल्या राखाडी कापडात तीन पडदे असतात, हे मला तुमच्या अंधाऱ्या दुकानात समजलं. तीन पडद्यांचा सेट विकणाऱ्यानं हे सांगितलं नव्हतं. कसं सांगेल?

तुम्ही त्या दिवशी मला कापड विकलंच नाहीत, हेही लिहायलाच हवं. "कॅमेऱ्यातून मागची भिंत किती दिसते ते मोजून या. चिकटपट्टी लावा, इकडे एक, तिकडे एक." पडद्याचं माप घेणाऱ्या माणसाची ही युक्ती, आणि फोटोग्राफीच्या एकाही जाणकारानं मला ती सांगितली नव्हती. मी घरी बहिणीला खुर्चीवर बसवलं. तिच्या मागे चार फूट जागा सोडली, कारण माणूस पडद्याला चिकटला की सावली पडद्यावर पडते. माझी ५० मिलिमीटरची लेन्स, क्रॉप सेन्सरचा, म्हणजे छोट्या सेन्सरचा कॅमेरा, कंबरेपर्यंतचा उभा फोटो. भिंतीवर चिकटपट्ट्यांमधलं अंतर साडेतीन फुटांच्या आतच भरलं. साडेतीन फूट! आणि मला लोक मागे लावायचा नऊ फुटांचा कागदी रोल घ्यायला सांगत होते. तो मोठा रोल २.७२ मीटर रुंद असतो. खोलीची रुंदी दहा फूट, दोन्ही बाजूंना स्टँडचे पाय, वर त्याला ॲक्टिव्हावर कसं न्यायचं? शिवाय पूर्ण उभा माणूस या लेन्समध्ये घ्यायला चौदा फूट मागे जावं लागतं, माझी खोली बारा फुटांत संपते. जे फोटो या खोलीत निघूच शकत नाहीत, त्यांच्यासाठी पडदा घ्यायला मला सांगितलं जात होतं.

तुमच्या कापडाचा पन्हा, म्हणजे रुंदी, ५८ इंचांची. मधे जोड नाही, शिवण नाही. आडव्या फोटोला तो जरा अपुरा पडतो, कारण तेव्हा मागचं पाच फूट दिसतं. त्यावरही तुमच्याकडे उत्तर होतं. ताग्याची लांबी आडवी लावा, पन्हा उंचीला जाऊ द्या, माणसाला बसवा. इतकं सोपं.

केसमेंट घ्या म्हणालात, पडद्याचंच कापड, चुण्या कमी पडतात. ते उजेडासमोर धरून मागे हात ठेवायला लावलात आणि विचारलंत, बोटं मोजता येतात का? नाही आली, म्हणजे कापड चालेल. बाळांसाठी कोरा मांजरपाट, म्हणजे न रंगवलेलं साधं सुती कापड दिलात. आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, खळ निघेल, आटायचं ते आटेल, मग शिवा. खालच्या दुमडीत वजनाची पट्टी घाला, कारण उन्हाळ्यात नागपूरच्या घरात कूलर चालणार आणि पडदा हलणार. कूलरच्या ओल्या हवेनं कागदी रोलला लाटा येतात, हा अनुभव माझ्या एका मैत्रिणीनं घेतलेला आहे. कापडाला निदान तो त्रास नाही. आणि घडी घालू नका, गुंडाळा, म्हणून ताग्याच्या आतली पुठ्ठ्याची रिकामी नळी काढून दिलीत. तिचे पैसे घेतले नाहीत. ती नळी पायापाशी तिरपी ठेवली की गाडीवर बसते, इस्त्रीचं काम जवळजवळ संपलं.

तुमचे वडील एम्प्रेस मिलमध्ये होते, हे तुम्ही सहज बोलून गेलात. जमशेटजी टाटांनी १८७७ साली सुरू केलेली ती कापडाची मिल आता नाही, त्या जागेवर मॉल उभा आहे. पण कापड हातात घेतल्यावर आधी ते चिमटीत चोळून पाहायचं, मग उजेडाला धरायचं आणि किंमत सगळ्यांत शेवटी सांगायची, ही रीत तुमच्याकडे तिथून आली असेल असं मला वाटतं. या शहरात अशी माणसं अजून आहेत. इतवारीत आहेत, महालात आहेत, बर्डीच्या गर्दीतही आहेत. त्यांच्याकडे पाटी नसते, जाहिरात नसते. समोरच्याला नेमकं काय हवं आहे हे कळेपर्यंत ते काहीही विकत नाहीत. मी मोठ्या काचेच्या दुकानांमध्ये अपमान गिळून आले, आणि तुमच्याकडे काही मीटर कापडासाठी मला राणीसारखं वागवलं गेलं. पैशांचा हिशेब केला तर तुमचं नुकसानच झालं असेल त्या दुपारी. दिवे बंद असताना दारावरून एखादं गिऱ्हाईक दुकान बंद समजून पुढे गेलंही असेल.

तुम्हाला हे कळवायचं होतं, की काम चाललं आहे. ज्या मुलीचे बायोडाटाचे फोटो त्या राखाडी कापडावर सगळ्यांत आधी काढले, तिनं स्क्रीनवर स्वतःला पाहिलं आणि आईला हाक मारली. आई आली, पाहिलं, आणि डोळ्यांना पदर लावला. दोघींपैकी कुणीही पडद्याबद्दल एक अक्षर बोललं नाही. मला तेच हवं होतं. बाळांच्या फोटोत मांजरपाटाचा तो दुधाळ रंग फार गोड येतो, आणि बाळानं काही केलं तर कापड सरळ बादलीत टाकता येतं. पासपोर्टचे फोटो मागायला लोक येतात, त्याला पांढरीच पाठ लागते. त्यासाठी मी भिंतीचा एक पट्टा पांढरा रंगवून घेतला, त्याला कापड लागत नाही. काळ्या मखमलीचा मोह होतो आहे, ती उजेड पिऊन टाकते आणि दागिन्यांचे फोटो त्यावर खुलतात, पण ते दिवाळीच्या आधी पाहू.

पुढच्या आठवड्यात येते. गेरूच्या रंगाचं केसमेंट आहे का ते बघून ठेवा. आधी हातभर तुकडाच द्या, तो धुऊन, सुकवून, माझ्या लाईटखाली पाहते, मग पुढचं. आणि त्या राखाडीचा तोच तागा संपत आला असेल, तर अडीच मीटर माझ्यासाठी बाजूला काढा. पुढच्या खेपेला रंग जरासा सरकतो, हे तुम्हीच सांगितलंत.

तुमची,
मानेवाड्याची फोटोवाली ताई