दिवाळीची साफसफाई : रविवारी पार्किंगमध्ये जमणे

सर्व सभासदांना नमस्कार.

येत्या रविवारी सकाळी १० वाजता बी विंगच्या पार्किंगमध्ये अर्धा तास जमायचं आहे. साफसफाईची अ‍ॅसिड, फिनेल आणि घरातली इतर रसायनं जपून कशी वापरायची, यावर बोलायचं आहे. प्रत्येक घरातून एकाने यावंच. घरकामाच्या मावशींनाही आवर्जून आणा. बहुतेक घरांत बाथरूम त्याच धुतात.

गेल्या आठवड्यात जिन्याखालच्या कपाटात कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरलेलं पिवळसर अ‍ॅसिड सापडलं. चिठ्ठी नाही, झाकण सैल. तिथेच आपली मुलं लपाछपी खेळतात. अंगावर काटा आला.

तोवर एवढं पाळा :

• ब्लीच आणि अ‍ॅसिड एकत्र वापरू नका. बरेच टॉयलेट क्लीनरही अ‍ॅसिडच असतात. दोन्ही मिसळले की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद बाथरूममध्ये जीव गुदमरतो.
• सुटं फिनेल, अ‍ॅसिड पाण्याच्या बाटलीत भरू नका. कुणी चुकून प्यायलंच तर उलटी करायला लावू नका. बाटलीसकट थेट हॉस्पिटल गाठा.
• प्लास्टिकमधली रसायनं खाण्यात उतरू नयेत म्हणून गरम चहा, सांबार प्लास्टिकच्या पिशवीत आणू नका, स्टीलचा डबा न्या. आइस्क्रीमचे रिकामे डबे मायक्रोवेव्हमध्ये नकोत.

चिठ्ठी नसलेल्या बाटल्या बेसिनमध्ये ओतू नका. झाकण घट्ट लावून मुलांच्या हाताबाहेर ठेवा आणि रविवारी किती आहेत ते सांगा.

– सचिव