माझ्यामुळे थांबावं लागतं, असं पुन्हा म्हणू नकोस

प्रिय मित्रा,

डोंगरावरची रिले पार पडली. सहाही जण हातीपायी धड परतले आणि निकालाच्या फळ्यावर आपल्या क्लबाचं नाव निम्म्याच्या वर लागलं. एवढं फोनवरही सांगता आलं असतं. पण क्लब सोडताना तू म्हणाला होतास, "माझ्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं." ते वाक्य तेव्हापासून माझ्या डोक्यात घर करून होतं. त्याला तेव्हा मी नुसतं "छे, काहीतरीच" म्हणालो. खरं उत्तर मला या शर्यतीत, भर चिखलात मिळालं, म्हणून हे लांबलचक पत्र.

शर्यतीचा साचा ब्रिटनमधल्या डोंगर-रिलेसारखा होता. तिथे डोंगरधावकांची संघटना १९७० सालापासून आहे आणि त्यांच्या रिले अजिंक्यपदाची रचना मला फार शहाणपणाची वाटते. सहा धावक, चार टप्पे. पहिला टप्पा एकट्याचा. दुसरा जोडीचा. तिसराही जोडीचा, पण त्यात वाट आखून दिलेली नसते. निघाल्यावर हातात नकाशा मिळतो आणि कुठल्या चौक्या गाठायच्या हे तेव्हाच कळतं. चौथा पुन्हा एकट्याचा. जोडीतल्या दोघांनी सबंध टप्पा बरोबरच राहायचं. एकाने पुढे पळून चौकीवर वाट बघत बसायचं, हे चालत नाही. दोघांतल्या एकाने माघार घेतली तर अख्खा संघ बाद.

दुसऱ्या टप्प्यात मी आणि ताई होतो. ताई म्हणजे आपल्या त्याच, सरावाला सगळ्यांच्या आधी येणाऱ्या आणि सपाट रस्त्यावर कायम शेवटच्या गटात धावणाऱ्या. कप्तानाने जोडी जाहीर केली तेव्हा क्लबात थोडी कुजबुज झाली. कप्तान एवढंच म्हणाला, "उतार बघा, मग बोला."

आदल्या रात्रीपासून पाऊस लागून राहिला होता. पहिल्या टप्प्याचे धावक सुटले तेव्हा सुरुवातीचं गवत अजून हिरवं दिसत होतं. आमची पाळी येईपर्यंत शेकडो बुटांखालून गेलेली ती वाट नांगरल्यासारखी झाली होती. रिलेत ही गंमत आहे बघ, दर टप्प्याला जमीन बदलते. पहिल्याला जो उतार मिळतो तो शेवटच्याला मिळत नाही. त्यामुळे चिखलातल्या वेळेची तुलना कुणाशी करायची, आणि कशी? मऊ वाळूत धावायला घट्ट जमिनीपेक्षा सुमारे १.६ पट शक्ती लागते, असं १९९८ सालच्या एका अभ्यासात मोजलेलं आहे. आपण पायाने जमीन ढकलतो आणि ती आपल्याला पुढे ढकलण्याऐवजी स्वतःच सरकते, त्यात शक्ती जिरते. चिखलात हेच होतं, शिवाय रुतलेला पाय उपसून काढायचे कष्ट वेगळे. रस्त्यावरचा किलोमीटरचा वेग डोंगरावर घेऊन येणाऱ्या माणसाला इथे धरायला काहीच सापडत नाही.

पहिल्या टप्प्यात आपला कॉलेजातला धाकटा होता. तो येईपर्यंत आम्ही दोघं बदलीच्या आखणीपाशी उभे. वाट पाहण्याचा हा भाग मला धावण्याहून अवघड वाटतो. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने उष्णता ओढून नेतं, त्यामुळे भिजलेल्या कपड्यांत वाऱ्यावर उभं राहिलं की दहा मिनिटांत बोटं वळेनाशी होतात. ताईंनी मला शेवटच्या क्षणापर्यंत जॅकेट काढू दिलं नाही. पिशव्या तपासून झाल्या होत्या: अंगभर झाकणारे वारा-पाऊस अडवणारे कपडे, टोपी, हातमोजे, नकाशा, होकायंत्र, शिट्टी, अडीअडचणीला थोडं खाणं. नव्या मुलांना हे ओझं वाटतं. मला ते वाटत नाही. डोंगरावर पाय मुरगळला की धावताना तयार होणारी ऊब क्षणात संपते, आणि मग ते जॅकेट आणि ती शिट्टी हेच तुमचं सगळं असतं. मिनिटाला सहा शिट्ट्या, मग एक मिनिट शांत, पुन्हा सहा. मदत मागायची ही खूण सर्वांना तोंडपाठ असलीच पाहिजे, याबाबत मी आता हट्टी झालो आहे.

धाकटा उतारावर दिसला आणि आमच्या आखणीपाशी एकच आरडाओरडा झाला. चेहरा चिखलाने माखलेला, नंबराचा कागद अर्धा फाटलेला. इथे हातोहात द्यायची दांडी, म्हणजे बॅटन, नसतो, हाताला हात लागला की झालं. त्याने माझ्या आणि ताईंच्या तळव्यांवर एकदमच थाप मारली. मला जपानमधली एकिडेन आठवली. १९१७ साली क्योटो ते टोकियो अशी पहिली लांब पल्ल्याची रिले तिथे झाली, आणि आजही धावक एकमेकांना खांद्यावरून तिरका घालायचा पट्टा देतात. हाकोनेच्या प्रसिद्ध शर्यतीत, १९२० पासून चालत आलेल्या, दोन दिवसांत दहा धावक मिळून सुमारे २१७ किलोमीटर जातात. पाचव्या टप्प्यात तर ८०० मीटरहून उंच डोंगर चढून जायचं असतं. आधीचा धावक ठरलेल्या वेळेत पोहोचला नाही, तर पुढच्याला संघाच्या पट्ट्याविना, दुसरा पट्टा घालून सोडतात. त्या मुलांच्या डोळ्यांत पाणी का येतं, हे मला धाकट्याचा ओला हात लागला तेव्हा समजलं. त्याने तासभर जे काही सोसलं होतं ते त्या हातात होतं.

आता मुख्य भाग.

चढावर मी पुढे होतो. ताईंचा श्वास चढत होता आणि मी दर वळणावर मागे बघत होतो. पहिला तीव्र चढ लागला तसं आम्ही दोघंही चालायला लागलो, गुडघ्याच्या वर मांडीवर हात दाबून. यात काही कमीपणा नाही. साधारण १५ अंशांपेक्षा जास्त चढ असेल तर त्याच चढत्या वेगाला चालणं धावण्यापेक्षा कमी खर्चाचं पडतं, हेही मोजलेलं आहे. आमच्या शेजारून एक जोडी धावत गेली आणि वर सोंडेपाशी ती दोघंही कमरेवर हात ठेवून उभी असलेली आम्हाला दिसली. ताई एका लयीत, एकही पाऊल न चुकवता येत होत्या. तरी खरं सांगतो, त्या चढावर थांबायची पाळी माझ्यावर होती. तू म्हणायचास ना, तसंच.

मग धार ओलांडली आणि समोर उतार आला. गवत, मध्ये काळपट रेंदा, खाली ओढा. पहिल्या वीस-तीस पावलांतच सगळं उलटं झालं. ताई निघाल्या त्या सरळ, उताराच्या रेषेत, छोटी आणि भराभर पावलं टाकत, हात पसरून. मी आडवा आडवा उतरत होतो. आडवं गेलं की बुटाची एकच कड जमिनीवर टेकते आणि पाय बाजूला निसटतो. मागे रेललं की टाच घसरते. हे सगळं मला माहीत होतं. पायांना ते पटत नव्हतं. ताई खाली पोहोचल्या, ओढ्याच्या काठी थांबल्या आणि ओरडल्या, "माझ्या पावलांकडे बघ, खाली बघू नकोस!" थांबायची पाळी आता त्यांची होती.

पुढे सगळा टप्पा असाच गेला. चढाला त्या मागे, उताराला मी. सपाट दलदलीत दोघं बरोबर, पोटरीपर्यंत रुतत. तिथे बाजूच्या काठाने जाण्यापेक्षा सरळ मधून गेलेलं बरं, कारण काठ पुष्कळदा जास्त खोल निघतो आणि दोन पावलं वाचवायला गेलेला माणूस दहा पावलं गमावतो. एका जागी माझा बूट जवळजवळ निघून आला. ताईंनी सकाळी दुहेरी गाठ मारायला लावली होती म्हणून तो पायात राहिला. शेवटच्या लांब उतारावर मी त्यांच्या मागे दोन हात अंतर ठेवून, त्यांचा पाय जिथे पडेल तिथेच माझा पाय ठेवत आलो. त्या एका उतारावर आम्ही चार जोड्या मागे टाकल्या. चढाला धापा टाकत आमच्या पुढे गेलेली ती जोडीही त्यात होती.

मला सांग, आमच्यात हळू कोण होतं?

मी याचा नंतर बराच विचार केला. चढ म्हणजे फुप्फुसं आणि अंगाचं वजन यांचा हिशेब. उताराला शक्ती कमी लागते, पण एका मर्यादेपर्यंतच. धावायला सर्वांत स्वस्त उतार साधारण २० टक्क्यांचा (शंभर मीटर पुढे जाताना वीस मीटर खाली) असतो, त्याहून तीव्र झाला की स्वतःला आवरण्यातच शक्ती जाते. आणि ते आवरणं मांडीचे पुढचे स्नायू करतात, ताणले जात असतानाच जोर लावून. शर्यतीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पायऱ्या उतरताना जी कळ येते ती याच कामाची. ताईंनी वर्षानुवर्षं उतार उतरले आहेत, त्यांचे स्नायू त्याला सरावलेत. हे रस्त्यावरच्या दहा किलोमीटरच्या वेळेत कधी दिसणारच नव्हतं. आपण क्लबात सगळ्यांना एकाच मापाने मोजत आलो, सपाट रस्ता आणि घड्याळ. त्या मापाने तू मागे होतास. ते माप फार तोकडं होतं, असं मी आता कुणासमोरही म्हणेन.

तिसऱ्या टप्प्यात सर आणि त्यांची मुलगी होती. धुकं उतरलं होतं. आमच्यापेक्षा कितीतरी वेगवान जोड्या चुकीच्या सोंडेवरून खाली गेल्या आणि पुन्हा चढून आल्या. सर घाई करत नव्हते. नकाशा उत्तरेला लावायचा, ओढा कुठल्या हाताला यायला हवा ते आधी बोलायचं, मग निघायचं. मुलगी धावत होती आणि सर तिला दिशा देत होते. आमच्यामुळे संघ जितका वर गेला, त्याहून जास्त त्या दोघांमुळे गेला. आणि मी तिथे उभा राहून सारखा तुझाच विचार करत होतो. त्या जुन्या भटकंतीत पाऊलवाट हरवली तेव्हा सगळे आपापल्या दिशेला बोटं दाखवत होते आणि तू एका दगडावर बसून नकाशा पाहत होतास. पाच मिनिटांनी उठलास आणि आम्हाला नेमकं खिंडीत नेऊन उभं केलंस. तेव्हाही कुणीतरी "किती वेळ लावतोस" म्हणालं होतं. ते ऐकून तू गप्प बसलास, हे मला आठवतं.

शेवटचा टप्पा त्या अबोल मुलीने केला. चिखल तोवर इतका झाला होता की वाट आणि ओढा वेगळे ओळखू येत नव्हते. तिने काहीही चमत्कार केला नाही, आम्ही दिलेली जागा राखली. मला त्याचं मोल फार वाटतं. शेवटच्या धावकाच्या मागे पाच जणांचे कष्ट असतात आणि पडून बिडून ते घालवणं फार सोपं असतं. ती आल्यावर आम्ही सगळे तिच्या गळ्यात पडलो, एकमेकांना चिखल फासत. ताई रडत होत्या. मीही.

तर आता मुद्द्याचं. पुढच्या मोसमात सरांच्या मुलीचं शिक्षण तिला दुसरीकडे नेणार आहे. नकाशाच्या टप्प्यात सरांच्या जोडीला माणूस हवा. सर स्वतः म्हणाले, "तो येईल का विचार." मी तुझी भलामण केलेली नाही, तुझं नाव त्यांच्याच तोंडून निघालं. जोडीत थांबावं लागणारच, ते त्या टप्प्याच्या नियमातच आहे. सर चढाला तुझ्यापेक्षा हळू आहेत. तू थांबशील, मग कुठेतरी ते थांबतील.

तयारी अवघड नाही. बूट मात्र वेगळे घे: तळाला सहा ते आठ मिलिमीटरचे दात हवेत आणि ते एकमेकांपासून लांब लांब असावेत, म्हणजे चिखल अडकून न बसता गळून पडतो. जाड मऊ तळव्याचे नकोत, पायाखालची जमीन कळत नाही. उताराचा सराव लवकर सुरू कर, पण थोडा थोडा. पहिल्यांदा मांड्या भयंकर दुखतील. नंतर तेवढाच उतार उतरलास तर कितीतरी कमी दुखेल, स्नायू एका फटक्यात शिकतात आणि ते काही आठवडे लक्षात ठेवतात. ताई रविवारी पहाटे उताराचा सराव घेणार आहेत, मीही त्यांचाच विद्यार्थी आहे. गुडघ्याचं जुनं दुखणं अजून असेल तर आधी डॉक्टरांना दाखव आणि ते काय म्हणतात ते मला स्पष्ट सांग, त्यात लपवाछपवी नको.

कप्तानाला महिनाअखेरीस नावं द्यायची आहेत. तुझं नाव लिहू ना? होकार असेल तर सरांना तूच फोन कर, त्यांना बरं वाटेल.

तुझा,
दुसऱ्या टप्प्यातला मित्र